कुंदाताईच्या यादीतलं नाव

माझी थोरली बहीण कुंदा गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, मुलुंडच्या राहत्या घरी वारली. हृदयविकाराचा झटका आला होता. ती आरोग्य केंद्रातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. बोलायला उठलेले बहुतेक जण माझ्या ओळखीचे नव्हते. भांडुपचा एक रिक्षावाला म्हणाला, "ताईंनी फोनवर सरळ विचारलं, मरून जावंसं वाटतं का? म्हटलं, बाई, असं कुणी विचारतं का... आणि रडायलाच लागलो." लोक माना डोलवत होते. मी पहिल्या रांगेत होते. मला त्या माणसाचा हेवा वाटला. ताई त्याला फोन करायची, तेव्हाही तो वाटला होता.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मुलुंडच्या एका शाळेत फोनकक्ष होता; ताई तिथे काम करायची. घरीच अलग राहणाऱ्या रुग्णांना तिथून रोज फोन जायचे. ताप, ऑक्सिजन, आणि शेवटी मनाबद्दलचे नऊ प्रश्न. उदास वाटतं का, असं विचारलं की लोक "नाही हो, ठीक आहे" म्हणत आणि कागदावर नऊ वेळा 'नाही' पडे. कुंदाताई आधी विचारायची, आज अंघोळ केली का, काल कुणाशी बोललात. मग नववा प्रश्न, मरून जावंसं वाटतं का, शब्द न बदलता. तो तिने कुणालाही चुकवला नाही. रात्री जेवताना फोन आला तरी ताट बाजूला सारायची.

त्याच दिवसांत मी घाटकोपरला एकटी, पॉझिटिव्ह होते. मला तिचा फोन यायचा तो दोन मिनिटांचा. वाफ घेतलीस? कुकर धुतलास?

एकदा मी म्हटलं, "भांडुपवाल्याला अर्धा तास, आणि मला कुकर?"

"तो आजारी आहे, नंदे."

"आणि मी काय नाटक करते?"

"तू बातमीदार. तुला प्रश्न विचारता येतात. उत्तरं देता येत नाहीत तुला."

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच कक्षातून शिल्पा नावाच्या मुलीचा फोन आला. यादीत नाव आहे, म्हणाली. नवव्या प्रश्नाला मी 'हो' म्हटलं. ताईला सांगू नका, असंही म्हटलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. पुढे सात महिने उपचार चालले. परक्या मुलीने विचारलं, बहिणीने नाही, हे मी मनात धरून ठेवलं. ताईला कधी बोलले नाही. तिनेही विषय काढला नाही.

शोकसभेनंतर शिल्पा भेटली. मी तिला यादीबद्दल विचारलं.

"घाटकोपर आमच्याकडे नव्हतंच हो," ती म्हणाली. "तुमचा नंबर ताईंनी हाताने लिहून दिला. घरच्याने घरच्याला विचारायचं नाही, हा त्यांचाच नियम. घरचं माणूस खोटं बोलतं, म्हणायच्या."

"मी काय सांगितलं, ते तिला कळलं होतं?"

"मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही."

त्या कक्षात काम केलेल्या आणखी एकीला मी नंतर फोन केला. तिलाही ती दुपार आठवते. शिल्पाने माझा नंबर फिरवला तशी कुंदाताई उठून बाहेर गेली आणि फोन संपेपर्यंत शाळेच्या जिन्यात बसून होती. मग आत येऊन तिने पुढचं नाव मागितलं.