बंद डब्यातली कार्डं

सई आणि ओम, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. या सदराचे वाचकही वाचतील, म्हणून त्यांना आधी सांगते — सई सोळा वर्षांची, ओम तिचा धाकटा भाऊ. दोघं माझ्या मुलाची, अनिरुद्धची मुलं, कॅनडात राहतात. ओमला मराठी वाचायला वेळ लागतो, त्यामुळे जमेल तितकं सोपं लिहिते.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत. भुताखेतांच्या, अंगात येण्याच्या गोष्टी निघाल्या की मी चहा ठेवायला उठून जात असे. आजही कोणी तसलं काही सांगू लागलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो — तुम्ही नीट तपासून पाहिलं का? म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

आमचा फ्लॅट धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवसभर दवाखान्यांत येणाऱ्या गाड्यांची गर्दी, पण मागच्या गॅलरीत दुपारी इतकं शांत असतं की पानं हललेली ऐकू येतात. या गॅलरीत तुमचे आजोबा वेताच्या खुर्चीत बसतात. ते सिव्हिल इंजिनियर होते, आयुष्यभर पूल बांधले. आता त्यांची आठवण जात चालली आहे. आधी नावं गेली, मग चेहरे. गंमत म्हणजे नोकरीत असताना पुसून टाकलेली त्यांची रामटेककडची बोली मात्र परत आली. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला कधी 'अगं'ऐवजी 'वं' म्हणाले नव्हते, ते आता म्हणतात.

दर डिसेंबरला अनिरुद्ध तुमच्या फोटोची सणाची कार्डं पाठवतो. एकाच कार्डाच्या पुष्कळ प्रती, नातेवाइकांना वाटायला. काही नेहमीच उरतात. मला चांगला कागद टाकवत नाही. नागमोडी कात्रीने कापून मी त्यांच्या पुस्तकातल्या खुणा केल्या, फराळाच्या डब्यांना बांधायच्या चिठ्ठ्या केल्या. धन्याच्या बरणीवर ओमचा पहिला दात आहे, तिखटाच्या बरणीवर रुसलेली सई. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या वंदनाला हे मुळीच पसंत नव्हतं.

"आजी, काहून कापून राहिल्या वं लेकराईचे फोटो? अन् तिखटावर पोरीले लावलं! उचकी लागत असंन तिकडे तिले."

"आठवण काढली की उचकी लागते ना? मग चांगलंच आहे," मी म्हणाले.

मग डॉक्टरांनी सुचवलं, घरच्यांचे फोटो रोज दाखवा, नावं विचारा. दोन-दोन सारखी कार्डं होतीच. सीताबर्डीच्या एका दुकानातून ती प्लास्टिकमध्ये बसवून आणली आणि जोड्या लावायचा खेळ केला. कार्डं उलटी मांडायची, सारखी दोन सापडली की नाव सांगायचं. आजोबा जोड्या बिनचूक लावत. नाव विचारलं की कार्डाकडे पाहत, नम्रपणे म्हणत, "चांगले लोक दिसतात. कोणाकडचे?"

त्याच सुमारास सईशी व्हिडिओ कॉल झाला. आजोबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे पोरगी कोणाची वं?" सई, तू हसलीस. पण दुसऱ्या दिवशी मला एकटीला फोन केलास. "आजी, या डिसेंबरच्या सुट्टीत मी येत नाही. दे ऑल कॅन कम. मला आजोबांसमोर स्ट्रेंजर म्हणून नाही बसायचं." पुढच्या वर्षी ये, असं तरी कसं म्हणणार?

आता मूळ गोष्ट. आश्विनात आमच्या इमारतीतल्या मुलींनी पार्किंगमध्ये भुलाबाई मांडली, आमच्याकडचा भोंडलाच म्हणा. गाणी म्हणून झाली की खिरापत ओळखायची असते. डबा बंदच ठेवायचा, हलवून वाजवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. मी आजोबांना खाली घेऊन गेले होते. एका मुलीने गंमत म्हणून डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो कानाशी नेला, डोळे मिटले, हळूच हलवला.

"वाटली डाळ. अन् लिंबू जास्त झालं."

मुली किंचाळल्या. बरोबर होतं! लहानपणी बहिणींच्या भुलाबाईत खिरापत ओळखायला यांनाच पुढे करत, हे ते स्वतःच मला सांगू लागले — कितीतरी दिवसांनी एवढं सलग बोलले. वाटली डाळ आवाजावरून, लिंबू वासावरून ओळखता येईल. त्यात मला काही नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ आवरताना एक कार्ड कार्डं ठेवायच्या, गोळ्या-चॉकलेटच्या मोठ्या डब्यात राहिलं होतं. डबा त्यांच्या हाताला लागला. सवयीने कानाशी नेला, हलवला... आणि म्हणाले, "सई आहे आत. पेरूच्या झाडावर बसली. एक चप्पल पडली तिची."

मी झाकण उघडलं. आत तू होतीस, सई, सुट्टीत इथे आली होतीस तेव्हाची. झाडावर. एका पायात चप्पल. मी ते कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कोण हे? पडंन न वरून."

असंच होत गेलं. झाकण बंद असलं की त्यांना सगळं माहीत. उघडलं की काही नाही. मी शक्य ते सगळं तपासलं. सगळी कार्डं एकाच मापाची, एकाच जाडीची, एकाच दुकानात प्लास्टिक लावलेली. आवाजात फरक असणं शक्य नाही. माझ्या चेहऱ्यावरून कळत असेल म्हणून वंदनाला दुसऱ्या खोलीत डबा भरायला सांगितलं आणि न पाहता भर म्हटलं. ती भरायची आणि दारातूनच डबा माझ्याकडे सरकवायची. "मले भेव लागते वं आजी. तुमचं तुमी पाहा." कधी कधी आजोबा काहीच सांगत नसत. झोप आलेली असे, किंवा म्हणत, "आज मन नाही." पण सांगितलं आणि चुकलं, असं झालं नाही. मी अनिरुद्धलाही सांगितलं नाही. त्याला वाटलं असतं, आता आईचंही...

डिसेंबर लागला. गॅलरीत ऊन लांबवर आत येऊ लागलं, सोललेल्या संत्र्यांचा वास दुपारभर घरात रेंगाळत राही. तुमच्या कार्डांचं पाकीट आलं. एरवी अनिरुद्ध फोटो आधी फोनवर पाठवतो, या वर्षी नव्हता पाठवला. पाकीट न फोडताच मी डब्यात ठेवलं. आत काय आहे ते या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आजोबांनी बराच वेळ डबा कानाशी धरला. जणू लांबून कोणी बोलतंय.

"अनिरुद्ध आहे. सूनबाई आहे. ओम दात काढून राहिला. मागं मोठं पाणी आहे, तलाव असंन."

"आणि सई?"

"आहे न." त्यांनी हात आपल्या छातीवर ठेवला. "पण पोरगी इकडच्या बाजूनं आहे. एक डोळा मिटून उभी आहे. रडून राहिली, अन् कोणाले दिसू देत नाही."

मी पाकीट फोडलं. तलाव होता. अनिरुद्ध, सूनबाई, हसणारा ओम. सई नव्हती. फक्त खाली गवतावर, त्यांच्या पायांकडे गेलेली एक लांब सावली होती, कोपर वर केलेली. फोटो काढणाऱ्याची.

तुझ्याकडे सकाळ झाल्यावर मी फोन केला, सई. आजोबा काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं.

"आजी, डॅडलाही माहीत नाहीये मी रडत होते," तू म्हणालीस. "मला त्या कार्डवर यायचं नव्हतं. म्हटलं, मी काढते. जुना कॅमेरा होता, एक डोळा बंद करावा लागतो." आणि मग, नाक ओढत, "माझं तिकीट अजून मिळेल का विचार ना डॅडला. तूच विचार."

तुम्ही सगळे आलात. दार उघडलं आणि आजोबांनी हात जोडले. "या, या. कोणाकडे आलात?" अनिरुद्धने मान वळवली. ओम माझ्यामागे लपला. मी सईकडे पाहिलं नाही, मला धीर झाला नाही.

दुपारी जेवणं झाली. आजोबा गॅलरीत होते. सई गेली आणि त्यांच्या पायांपाशी जमिनीवर बसली. खुर्चीवरची सोलापुरी चादर ओढून तिने डोक्यावरून घेतली — पूर्ण, पायांपर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं तिला. आम्ही सगळे दारात उभे.

आजोबांनी त्या गाठोड्याकडे पाहिलं. मग वाकले. दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले, अगदी हलकेच हलवले, आणि कान चादरीला लावला. डोळे मिटलेले.

"सई आहे," ते म्हणाले. "आमची सई. लय दुरून आली. इमानात झोपली नाही."

चादर हलायला लागली. सई, हसत होतीस की रडत होतीस, तुलाच ठाऊक. आजोबा तिथूनच बोलत राहिले — तुझी सायकल, तुझा ताप, पेरूचं झाड, तुला कडेवर घेऊन दाखवलेला पूल. मला माहीत नसलेल्याही गोष्टी. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. ऊन खुर्चीवरून उतरून भिंतीवर गेलं, एवढं आठवतं.

शेवटी ते वंदनाला म्हणाले, "इले हवा लागू दे वं. गुदमरून जाईन लेकरू."

मेंदूच्या आजारात काय जातं आणि काय राहतं, यावर मिळेल ते मी वाचलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, स्पर्शाने, वासाने ओळख पटते कधी कधी. चादरीतली सई कदाचित तशी ओळखली असेल. पण पाकिटातल्या सईला कुठला वास होता? याचं उत्तर शोधणं मी आता थांबवलं आहे.

त्या दुपारी वंदनाने चादर ओढून काढली. सई, तुझे केस विस्कटलेले होते, नाक लाल. आजोबांनी तुझ्याकडे पाहिलं, सरसावून बसले, आणि अगदी अदबीने विचारलं, "चहा घेणार का तुम्ही?"

"घेते ना, आजोबा," तू म्हणालीस, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसलीस.