काळ्या आकृतीला चेहरा येतो

भाचीबरोबर जपानी गुप्तहेराचा कार्टून सिनेमा पाहत होतो. ही मालिका म्हणे तिच्या जन्माआधीपासून चालू आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. गुन्हेगार सापडेपर्यंत त्याला अख्खा काळा रंगवतात. पांढरे ते फक्त डोळे आणि दात.

"हा असा का गं?"

"मामा, अजून गुपित आहे ना! कबूल केलं की नाक-तोंड येतं त्याला."

आणि खरंच आलं. गुडघे टेकून त्याने सगळं सांगितलं, तेव्हा दिसला एक साधा, टक्कल पडू लागलेला माणूस. मला तो एकदम बरा वाटला. लपवलेली गोष्ट माणसाला अशीच पुसत जाते. घरचे ज्याच्याशी बोलतात, ज्याला चहा देतात, ती नुसती आकृती असते. पंचवीस वर्षं मी तसाच वावरलो.

ताई शेजारी मटार सोलत होती. मी म्हणालो, "ताई, तुझं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. मी लपवलं. तू गेलीस तर आईचं आजारपण माझ्यावर पडेल, म्हणून."



ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. भाचीने टीव्हीचा आवाज बंद केला.

"मेल्या," ताई म्हणाली, "त्यांनी मला घेतलंच नाही असं समजून जन्म काढला मी." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "काय लिहिलं होतं त्यात?"

मी सरळ बसलो आणि तिच्या नावापासून सगळं पत्र म्हणून दाखवलं. एकही शब्द अडला नाही.