मुद्रेवर पाय

माझी धाकटी बहीण ओपल. तिने एकतीस वर्षं आमच्या गावच्या कॉलेजातली फरशी पुसली. मी तिथल्याच भटारखान्यात मक्याचा पाव भाजायची. ओहायोतलं आमचं गाव ते केवढं, मध्ये कॉलेज आणि भोवती आम्ही.

जुन्या इमारतीच्या दारातच फरशीत कॉलेजच्या बोधचिन्हाची पितळेची भलीमोठी मुद्रा बसवली आहे. तिच्यावर उघडं दार, दारात पुस्तक आणि कुदळ. मुलं तिला वळसा घालून जातात. पदवीच्या आधी तिच्यावर पाय पडला तर पदवी हुकते म्हणे. ओपल मात्र रोज तिच्यावर गुडघे टेकून ती घासायची.

कॉलेजात कामाला असलेल्यांना तिथे फुकट शिकता येतं. एकोणपन्नासाव्या वर्षी ओपलने नाव घातलं. वर्षाला दोन-तीन विषय करत बारा वर्षं काढली. इतिहासाचा शेवटचा निबंध उरला आणि बाईचं चित्त थाऱ्यावर राहीना. बटाटे सोलता सोलता उठायची, दाराशी जायची, परत यायची.

"डेला, किती वेळा उभी राहिले असेन गं मी त्या मुद्रेवर?"

"उभी कुठे? गुडघे टेकलेस. ते धरत नाहीत."

"थट्टा नको. दोनदा नापास झालेय याच विषयात."

"ते पुस्तक न उघडल्यामुळे. आणि बस खाली, तुझ्या फेऱ्यांनी मला गरगरतंय."

निबंधाला तिने मुद्राच घेतली. ग्रंथालयात जुनी पत्रं चाळत बसायची. एका दुपारी एप्रनसकट धावतच भटारखान्यात आली. कॉलेज काढणाऱ्या पाद्र्याचं पत्र तिने उतरवून आणलं होतं: 'काळा असो, गोरा असो, बाई असो, दार कुणाला बंद नाही. मुद्रा उंबऱ्याशीच बसवा. शेतातून येणाऱ्याने चिखलाच्या बुटांनी तिच्यावरूनच आत यावं.'

"पाय द्यायलाच ठेवली होती गं ती! आणि सगळे वळसे घालतायत."

"आणि तू चिखल पुसतेयस," मी म्हटलं.

ती हसली नाही. "हे लिहिलं तर इतिहासाचे सर चिडतील. तेसुद्धा वळसा घालतात."

"मग लिहीच."

तिने लिहिलं. दहा दिवस निकाल नाही. त्या दिवसांत तिने आमच्या घराची फरशी इतकी घासली, की मी घसरून पडले. मग कळलं, पास.

पण कागद हातात पडेपर्यंत काय खरं? समारंभाच्या शनिवारी पाऊस होता. काळ्या झग्यातली रांग मुद्रेपाशी आली आणि सवयीने वळली. ओपल थबकली. माझा जीव टांगणीला. वेडे, तासाभराचा प्रश्न आहे, जा की वळसा घालून!

ती सरळ गेली. दोन्ही पाय ठेवून. चिखलाचे दोन ठसे मागे राहिले आणि ते पुसायला ती वाकली नाही. मीही रुमालाकडे गेलेला हात आवरला.

कागद मिळाला. आमच्या चुलीवरच्या भिंतीवर आहे, जरा तिरका.

ते ठसे सोमवारी तिनेच पुसले. नोकरी होती ना अजून.