दुसरा केक

ओव्हनच्या काचेआड केक हळूहळू फुगतोय आणि समोर लांब, फरशीवर मांडी घालून ओवी त्याच्याकडे बघत बसलीय. आज तिला पाच वर्षं पूर्ण होतात. अंडं, दूध, शेंगदाणा यातलं काहीही पोटात गेलं की तिचा घसा सुजतो, श्वास अडकतो.

हा दुसरा केक. पहिला ओव्हनमध्ये ठेवला आणि आठवलं, सकाळी इथे कामावर येण्याआधी खोलीवर मी गावाहून आलेली शेंगदाण्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली होती. आमच्याकडे चटणीत तेल घालून ती बोटांनीच कालवतात. हात धुतले होते, पण नखांत राहिली असेल तर? मी सातवीतच शाळा सोडलेली. पाकिटांवरचं इंग्रजी वाचायला मला ओवीच्या आईनेच, ताईंनीच, शिकवलं. त्यांना काय तोंड दाखवू? तरी सांगितलं.

त्यांनी केक टाकून दिला, नेलकटर माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगता, म्हणून तर तुमच्या हातचं मी तिला डोळे झाकून देते." परक्या शहरात एवढा विश्वास कोण टाकतं? पण आता त्या विश्वासाचीच धास्ती वाटते.

गावी आम्हा भावंडांचे वाढदिवस कुणाच्या लक्षातही नसायचे. मुलं आपोआप मोठी होतात, असंच मला वाटायचं.

"मावशी, हापण बिघडला तर मी चारचीच राहणार?"

"नाही गं बाई. पाचची हो, सहाची हो, माझ्याएवढी म्हातारी हो," मी म्हणते, आणि नखं कापलेली बोटं पुन्हा एकदा उजेडात धरून बघते.