मामीची तहान

मामी गेल्याचा फोन दत्ताचा होता. दत्ता माझा मामेभाऊ, मामीचा एकुलता एक मुलगा. मी वर्गात मुलांना निबंध लिहायला देऊन खिडकीशी उभी होते. "ताई, आई गेली गं…" एवढं बोलून तो रडला, आणि मग सावरून म्हणाला, "पण कुणालाच त्रास दिला नाय बघ तिनं. शेवटपर्यंत नाय." त्या वाक्याचा मला तिथल्या तिथं राग आला. महिना उलटून गेला तरी तो राग गेलेला नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण हेच वाक्य म्हणत होता आणि घरचे माना डोलावत होते. आपल्याकडं बाईचं याहून मोठं कौतुक नाही. पण कुणाला त्रास होऊ नये म्हणून सुमनमामीनं स्वतःचे काय हाल केले, ते मला माहीत आहे. ते कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

बिडकीनच्या पुढं आमचं गाव. बारावीपर्यंत मी तिथंच शिकले. आमच्या घराण्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मामा वाळूजला कंपनीत होता, पडेगावात त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यात माझ्यासाठी जागा मामीनं केली. मी दुसऱ्या वर्षाला असताना एक स्थळ चालून आलं. मामाला ते पसंत पडलं. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी बीए झाल्याबिगर ह्या घरातून जायची नाय. लग्नाची लईच हौस आसंल तर तुमचंच करा दुसऱ्यांदा. मी अक्षता टाकते." मामाच हसायला लागला, आणि स्थळ परत गेलं. आज मी शिक्षिका आहे ती त्या एका वाक्यामुळं. मामी स्वतः हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. भाजीवाला म्हणायचा, "आपा, हसो नक्को, तराजू हिलता!" आणि त्यावर ती आणखी हसायची…

दत्ताच्या लग्नानंतर कधीतरी ते हसणं बंद झालं. हसू आलंच तर ती पदर तोंडावर दाबून, पाय आवळून भिंतीला टेकायची. हसताना, खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना तिला लघवी गळत होती. पुढं पुढं तर लागली की बाथरूमपर्यंत पोचणंही होईना. लघवी हा शब्द वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिताना माझाही हात अडखळला. पण तो शब्द त्या घरात कुणीच उच्चारला नाही, म्हणून तर हे सगळं झालं. मामा म्हणाला, "वय झालं की व्हतंच." दत्तानं आईसाठी वेगळी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ती सोफ्यापासून लांब ठेवली. त्याची बायको कविता दुपारीही उदबत्ती लावू लागली. कुणी ओरडलं नाही, कुणी टोचून बोललं नाही, सगळं अगदी सभ्यपणानं चाललं होतं. माहेरचं लग्न मामीनं गुडघ्याचं कारण सांगून टाळलं. खरं कारण एसटीचा प्रवास. दवाखान्यात नेण्याचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

मामाकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पुरण, सोळा भाज्या, वर टांगायचा तळणीचा फुलवरा, सगळा स्वयंपाक घरच्या बायका सोवळ्यात, उपाशीपोटी करतात. पुरण मामीचं. ते दुसऱ्या कुणाला जमतच नसे. मामाची थोरली बहीण, म्हणजे माझी मोठी मावशी, त्या दिवसांत येऊन सगळ्याचा ताबा घ्यायची. एका वर्षी पुरण वाटताना मामीला शिंक आली. मावशीच्या नजरेतून काही सुटत नाही.

"सुमन, बाजूला सर. ओलं झालंय तुझं."

"आक्का, लुगडं बदलून येते."

"बदलशील. आन् पुन्यांदा झालं तर? देवीचं हाय हे. आजपासनं तू सोवळ्यात येऊ नको."

सगळ्या बायकांसमोर! मामी मागच्या पायरीवर जाऊन बसली. ज्या घरात तिनं उभं आयुष्य रांधलं, त्या घरात नैवेद्याच्या ताटाला तिचा हात चालेना. आणि पुरण मात्र तिनंच अर्धं वाटून ठेवलेलं सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

त्यानंतर मी कुणाला न विचारता तिला शहरातल्या एका डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती पिता?" मामी म्हणाली, "पीतच नाय. प्यालं की येतंय ना." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, लघवीच्या पिशवीची आग होते, ती उलट सारखी लागते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं, हे त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. लघवीची तपासणी केली. मग खालचे स्नायू आवळून, क्षणभर धरून सोडायचा व्यायाम शिकवला. घड्याळ बघून ठरल्या वेळी जायचं आणि मधलं अंतर हळूहळू वाढवायचं, चहा कमी करायचा, पोट साफ ठेवायचं, बाहेर जाताना पॅड वापरायचं. एवढंच! मामी त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजी ह्याला इलाज हाय? मग मला इतके दिस कुणी सांगितलं का नाय?" आणि तिथंच ती रडली.

काही महिन्यांत खूप फरक पडला. मी सुट्टीत गेले की ती भाकरी थापताना मधेच गप्प व्हायची आणि म्हणायची, "तू बोल गं, माझी कसरत चालू हाय." आणि मोठ्यांदा हसायची. ते हसू ऐकून मला वाटलं, जिंकलो आपण.

यंदा महालक्ष्म्या जवळ आल्या तेव्हा तिनं मावशीला स्वतः फोन लावला. "आक्का, आता मी बरी हाय. पुरण मी करते." मावशी म्हणाली, "कर. पण ह्या वक्ताला काय झालं तर मग कायमचं." त्या 'कायमचं' या शब्दानं माझ्या मामीचा जीव घेतला, असं मी म्हणते. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून तिनं आपला जुना उपाय काढला. आदल्या दिवसापासून पाणी बंद, हे मला फार उशिरा कळलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी गेले तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते. विचारलं तर म्हणाली, "उपास हाय गं, सोवळ्याचा." सोवळ्यातल्या बाईच्या कोरड्या ओठांवर कोण शंका घेणार? पुरण अप्रतिम झालं होतं. लुगडं कोरडं होतं. नैवेद्याचं ताट घेऊन ती उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा… तो चेहरा मी विसरणार नाही.

विसर्जनानंतर तिला थंडी वाजून ताप आला. कंबर दुखत होती, लघवीला आग होत होती. तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, पुन्हा सुरू झालं. तापाची गोळी घेऊन ती भांडी घासत राहिली. ती बरळायला लागली तेव्हा दवाखान्यात नेलं, पण तोवर संसर्ग रक्तात पसरला होता.

तेराव्याला पंगत उठल्यावर मावशी डोळे पुसत म्हणाली, "भाग्याची गं सुमन. देवीची सेवा करून गेली."

"तहानेनं गेली, मावशी," मी म्हणाले.

मामानं मान खाली घातली. दत्ता म्हणाला, "ताई, आज नको."

"मग कधी? आजवर नको, नकोच म्हणत आलात. शिकल्यासवरल्या माणसांच्या घरात एक बाई पाणी प्यायला भीत होती आणि तुम्ही तिला वेगळी खुर्ची देत होता!"

मावशी म्हणाली, "तुला कालिजात पाठवली ते ह्याच्यासाठी व्हय?"

"ह्याच्यासाठीच. आणि पाठवलं मामीनं, तुम्ही नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं अजून सगळं मामीच्या हातचं आहे. डबे तिनं लावले तसेच, माठावरचं झाकणही तिनं धुऊन उन्हात वाळवलेलं. मी माठाला हात टेकून उभी राहिले. कविता मागून आली. लेकरू झाल्यापासून ती फार बोलत नाही. मामीला, सासूला, ती आत्या म्हणायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "ताई, खोकला आला की मलाबी तसंच व्हतंय. आत्यांना सांगायचं व्हतं, पण राहूनच गेलं."

"पाणी कमी केलंस का?"

तिनं मान हलवली. हो.

मी माठातून पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

"आत्ता?" तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर मावशी बसली होती.

"आत्ता. आणि सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडं यायचं. सगळ्यांना सांगून, कशासाठी ते सांगून."

तिनं पेला तोंडाला लावला. मामीच्या माठाशी उभी राहून ती घटाघटा प्यायली, आणि रिकामा पेला पुन्हा माझ्यापुढं धरला.