कमानीवरचा फ्लेक्स

आमच्या शाळेला घंटा नाही. दवाखान्याच्या कॅन्सर वॉर्डातल्या एका खोलीत ती भरते आणि सलाईनचं मशीन वाजलं की तास सुटतो. मुलं बरी झाली की त्यांना पुन्हा गावच्या शाळेत नेऊन बसवायचं, हे माझं काम. आमचा पट कमी झाला की आम्ही खूश.

मुळशीतल्या नेरे गावची एक मुलगी होती, सातवीतली. डोक्यावर केस जेमतेम बोटाच्या पेराएवढे आलेले. तिची एकच अट होती. "बाई, शाळेत कुणाला कळायला नगं. गुपचूप जाऊन बसायचंय मला."

मी तिच्या वर्गशिक्षिकेशी बोलले. स्कार्फ चालणार होता, जुन्या मैत्रिणीशेजारची जागाही ठरली. कुणी विचारलंच तर "मामाकडं होते" म्हणायचं, हे त्या पोरीनं आणि मी हसत हसत घोकलं होतं. पोरीला खोटं शिकवल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर रिक्षात बसले. तिचे वडील मोटरसायकलवर पुढे गेले होते. शाळेच्या वाटेवर गावची कमान लागते. आमच्या मुळशीत वाढदिवस असो, निवडणूक असो, नाहीतर नवी गाडी, फ्लेक्स लागल्याशिवाय आनंद झाला असं कुणी धरतच नाही. त्या दिवशीही कमानीवर एक झळकत होता. त्यावर दवाखान्याच्या खाटेवर बसलेली, एकही केस नसलेली हीच पोर हसत होती. खाली ठळक अक्षरांत, 'कॅन्सरवर मात करणाऱ्या आमच्या वाघिणीचे हार्दिक स्वागत', आणि त्याखाली शुभेच्छुक काका-मामांचे फोटो. वडील पेढ्यांचा पुडा घेऊन कमानीखाली उभे होते.

पोरीनं स्कार्फ भुवयांपर्यंत ओढला.

"उतर की गं! समद्या गावानं बघितलं. लई कौतुक करत्यात," वडील म्हणाले.

"रिक्षा मागं घ्या," ती एवढंच म्हणाली.

मला त्या माणसाचा संताप आला. पण हाच माणूस वॉर्डाबाहेरच्या बाकावर महिनोन् महिने मान खाली घालून बसायचा, नातेवाइकांचे फोनसुद्धा उचलायचा नाही. लेक जाईल ही भीती त्यानं एकट्यानं गिळली होती. लेक राहिली, हे मात्र त्याला साऱ्या गावाला ओरडून सांगायचं होतं. त्यानं पेढे रिक्षावाल्याच्या हातात दिले, कमानीवर चढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. फ्लेक्स शेळ्यांच्या गोठ्यावर पसरला होता, छापलेली बाजू खाली करून. वर्गशिक्षिका येऊन गेल्या होत्या, मैत्रिणी अंगणातून हाका मारून परत गेल्या होत्या. पोर आतल्या खोलीतून हलत नव्हती. मी तिच्याजवळ बसले. तिनं विचारलं,

"बाई, मला परत दवाखान्यातल्या शाळेत घ्याल का? तितं कुणालाच केस न्हाईत."

आमच्या शाळेत प्रवेश कशानं मिळतो, हे तिला काय मी सांगायचं होतं?

मी मान वर केली. तिचे वडील चहाचे कप घेऊन दारातच थांबले होते. त्यांनी ऐकलं होतं.