पुढच्या दोन दारांचे मास्टर

मास्टर गाडीत बसले की आधी एसी बंद करायला लावायचे, मग इंजिन, मग गिऱ्हाइकाचं तोंड. डोळे मिटून म्हणायचे, "लाव." गाणं कुठलंही चालायचं, फक्त त्यात बाईचा आवाज हवा. दहा-बारा सेकंद गेले की त्यांचं बोट वर यायचं आणि समोरच्या काचेवर एक जागा दाखवायचं. आरशाच्या बरोबर खाली बोट गेलं तर काम फत्ते. "ही बघ, इथं उभी हाय." पण नव्याकोऱ्या गाडीत ते बोट बहुतेक वेळा खाली, पायांकडे जायचं. "बिचारी मॅटवर बसलीय. हिला उठवायला लागंल."

साकीनाक्याला एका गल्लीत, मेटल पॉलिशवाला आणि बेअरिंगवाला यांच्या मधे त्यांचा गाळा होता. माणूस मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणून मास्टर. खरं नाव बिलावर असायचं, पण बिल वाचतो कोण? काम एकच करायचे. गाडीच्या पुढच्या दोन दारांतले कंपनीचे स्पीकर काढून चांगले बसवायचे. डिकीत धडधड करणारा डबा बसवून द्या म्हणून पोरं यायची, त्यांना सरळ परत पाठवायचे. "डिकीत बॅग ठेव. माणूस तोंड पुढं करून बसतो ना? मग गाणारा मागनं का ओरडंल? तू काय वरातीत हायस?"

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी अशाच होतात. आम्ही काही जण गोंगाटाविरुद्ध काम करतो. हॉर्न, डीजे, सोसायटीच्या गच्चीवरचे भोंगे, कुणालाच सोडत नाही. त्या महिन्यात गाड्यांमधल्या दणदणाटावर मोहीम होती आणि पत्रक मी लिहिलं होतं. "चाकांवरचा अत्याचार थांबवा" असा ठळक मथळा. गल्लीतल्या प्रत्येक साउंडवाल्याच्या हातात एकेक कोंबत मी मास्टरांच्या गाळ्यापाशी आले. बाकीच्यांनी पत्रक घेऊन त्यावर चहाचे ग्लास ठेवले होते. मास्टरांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या दोन्ही बाजू वाचल्या. पत्रकाची मागची बाजू वाचणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता.

"बाय, हे तू लिवलंस?"

"हो. का?"

"राग चांगला हाय. माहिती नाय."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही आवाज विकता, तुम्हाला झोंबणारच. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समोर एक गाडी दाराचं अस्तर काढून उभी होती, तिथे मला घेऊन गेले आणि दारातून निघालेला कंपनीचा स्पीकर हातावर ठेवला. वजनाने रिकाम्या काडेपेटीसारखा. प्लॅस्टिकची चौकट, वहीच्या पुठ्ठ्याचा वाटावा असा कागदी पडदा आणि मागे बटणाएवढं लोहचुंबक. दारावर बाहेरून मात्र चंदेरी अक्षरांत "प्रीमियम साउंड" असं चिकटवलेलं.

"शब्द कळंना की माणूस काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. कागद फाटंस्तोवर वाढवतो. त्याला शिव्या देतेस तू. चांगला स्पीकर दे त्याला, तो आपणहून कमी करंल. खोटं वाटतं तर घरची गाडी घेऊन ये."

मला खोटंच वाटलं. म्हणून तर घरची गाडी घेऊन गेले.

घरची गाडी म्हणजे मुलुंडच्या आमच्या सोसायटीतली, बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. बाबांना नाट्यसंगीत ऐकायचं असतं आणि ते त्या गाडीत बादलीतून यायचं. विकणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, हळूहळू सवय होईल." ही आपल्याकडची विक्रीनंतरची सेवा. वस्तू नाही सुधारायची, गिऱ्हाईक सुधारायचं.

बाबा दुकानातले सगळ्यात महागडे स्पीकर घ्यायला तयार होते. मास्टरांनी ते डबे फळीवरून खालीच घेतले नाहीत. "काका, तुमचा कंपनीचा स्टिरिओ गरीब माणूस हाय. त्याच्या डोक्यावर एवढं मोठं ओझं नका देऊ, मान मोडंल. हलक्यात बोलणारा स्पीकर घ्या." मग त्यांनी जे दीड तास केलं, ते मी स्टुलावर बसून पाहिलं. आधी काच पूर्ण खाली घेतली, आत टॉर्च मारून स्पीकरच्या मागे ती टेकते का बघितलं. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद बाकीचे ब्लेडने टरकावतात. मास्टरांनी तो कडेने सोलून पुन्हा होता तसा चिकटवला, नाहीतर पावसाचं पाणी गाडीत येतं. पत्र्याला आतून जाड काळी पट्टी लावली, बोटाने वाजवून बघितली. टणटण करणारं दार ठक्क वाजायला लागलं. कंपनीची वायर कापली नाही, मधे दोन्हीकडच्या वायरी जोडणारा कपलर लावला. निघालेले स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांच्या हातात दिले. "गाडी विकाल तेव्हा लागतील."

परत येताना पवईच्या चढावर बाबांनी आपणहून आवाज कमी केला. एक घर कमी, मग अजून एक. समोरच्याचा मुद्दा लगेच मान्य करायची आमच्या चळवळीत पद्धत नाही. पण पुढच्या पत्रकाचा मथळा बदलला. शिव्या आता गाडीवाल्याला नव्हत्या, चंदेरी अक्षरं चिकटवणाऱ्याला होत्या.

त्यानंतर मी शनिवारी त्यांच्या गाळ्यात जायला लागले. माहितीसाठी, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे मला तिथे बसायला आवडायचं. मास्टरांनी मला ऐकायला शिकवलं. गाणारी मधे उभी आहे का, तबला तिच्या किती मागे आहे, श्वास घेताना कळते का. एका दाराची वायर उलटी लागली तर काय होतं, तेही मुद्दाम लावून दाखवलं. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांना खातात. खर्ज नाहीसा होतो आणि गाणारी कुठेच उभी राहत नाही. गाडीभर पातळ होऊन पसरते. दुसरे फिटर पेन्सिल सेल वायरला टेकवून पडदा कुठल्या बाजूला हलतो ते बघून घेतात. मास्टरांना हे पटायचं नाही. "कान असताना सेल कशाला? जेवताना कोण थर्मामीटर लावतो?"

घमेंड होतीच. मला ती आवडायची, कारण तिच्यामागे काम होतं. मला ते नेहमी आपल्या उजव्या हाताला स्टूल टाकायला लावायचे. "या बाजूला बस गो, तिकडं ऊन येतं." त्या गाळ्यात ऊन यायला जागाच नव्हती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गेल्या फेब्रुवारीत मी मावशीची गाडी घेऊन गेले. म्हणजे मावशी चालवत होती, मी मिरवत होते. वाटेत मास्टरांचं इतकं कौतुक केलं की ती म्हणाली, "अगं, स्पीकर बसवतात की लग्न लावतात?" काम नेहमीसारखं झालं. एसी बंद, इंजिन बंद, मावशी बंद. मास्टरांनी डोळे मिटले, बोट उचललं आणि आरशाखाली धरलं. "ही इथं उभी हाय." मावशी म्हणाली, "छान वाजतंय हो." मी मागच्या सीटवर होते. मला वाटलं, मागून ऐकतेय म्हणून असं वाटत असेल. निघताना पुढे बसले आणि पुन्हा तेच गाणं लावलं.

बाई तिथे नव्हती. कुठेच नव्हती.

रिक्षा अडवून हॉर्नबद्दल चार शब्द सुनावणारी मी, नगरसेवकाच्या तोंडावर त्याच्या मंडपाचा आवाज किती ते सांगणारी मी, मरोळच्या सिग्नलपर्यंत गप्प बसले. सिग्नल सुटला तेव्हा म्हटलं, "मावशी, गाडी वळव."

"काय विसरलीस?"

"बोलायचं विसरले."

मास्टर हात धूत होते. मी म्हटलं, "मास्टर, बाई मधे नाहीये." ते ऐकलं नसल्यासारखे हात धूत राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. फिरून उजवीकडे गेले आणि पुन्हा म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला काय कळतं?"

"तुम्हीच शिकवलंय. वायर उलटी आहे."

ते पुढे येऊन बसले. गाणं लावलं, डोळे मिटले. या वेळी बोट वर आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळा आवाज डाव्या दारात टाक." मी टाकला. त्यांनी तळहाताने उजवा कान घट्ट दाबून धरला आणि तसेच बसून राहिले.

"वाजतंय?" त्यांनी विचारलं.

गाणं चांगलं मोठ्याने वाजत होतं. मावशी बाहेर उभी राहून ऐकत होती.

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी कानावरचा हात काढला, उतरले, समोरच्या दुकानातून पेन्सिल सेल आणला आणि स्वतः दाराचं अस्तर उघडलं. उजव्या दारातला पडदा बाहेर आला. डाव्यातला आत गेला. नाताळच्या सुमारास कपलरचा नवा लॉट आला होता, त्यातल्या काहींच्या वायरी उलट्या होत्या. "कपलरवाला चुकला," मी म्हटलं. मला कुणावर तरी चिडायचं होतं. मास्टर म्हणाले, "तो चुकला ते ठीक हाय. लोक चुकतातच. ते पकडायला तर मी हाय ना इथं?"

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस गेली आहे, बरीच आधी गेली असणार. उजवा कान शाबूत होता आणि बोट सवयीने मधे जात होतं.

पुढच्या शनिवारी मास्टरांनी मला वही दिली. कोणती गाडी, कोणाची, कधी केली, सगळं त्यात होतं. नाताळनंतरच्या, म्हणजे नव्या कपलरवाल्या सगळ्यांना फोनवर धाडायला आणि शटरवर लावायला एक मजकूर लिहून दे, म्हणाले. मी लिहिला. "काही तांत्रिक कारणांमुळे आपल्या गाडीची मोफत तपासणी करण्यात येत आहे." वाचून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे कोण बोलतंय? गाडीची कंपनी?"

"मास्टर, असंच लिहितात."

"तू नाय लिवत असं. तुझं पत्रक वाचलंय मी, मागनं पुढनं. तांत्रिक कारण काय? कान हाय. कान लिही."

मी त्यांना सांगितलं, खरं तेच सांगितलं, की हे लिहिलंत तर उद्यापासून इथे कुत्रं फिरकणार नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे. वायरी सरळ करून द्या, कुणाला कळणारही नाही. हे मी बोलले. दुसऱ्यांची लपवाछपवी चव्हाट्यावर मांडणं हेच जिचं काम, तिने हे सुचवलं, आणि लाज वाटायच्या आत तीन वेळा सुचवलं.

"दुकान कानावर चालत होतं गो बाय. आता कशावर चालतंय ते गिऱ्हाइकाला कळायला नको?"

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. "माझा डावा कान गेला आहे. नाताळनंतर तुमच्या गाडीत बसवलेले स्पीकर मी नीट ऐकलेले नाहीत. गाडी घेऊन या, तपासून देतो." खाली त्यांचं पूर्ण नाव. मी आजवर लिहिलेल्या पत्रकांत हे सगळ्यात लहान आहे आणि यातला एक शब्दही माझा नाही.

गाड्या आल्या. कुणी काळजीने आलं, कुणी तमाशा बघायला. मास्टर प्रत्येक दार उघडत, सेल टेकवत आणि मग मला आत बसवत. "बघ, कुठं उभी हाय." मी बोट दाखवायचे आणि ते तेवढ्यावर विश्वास ठेवून दार बंद करायचे. बऱ्याचशा गाड्या ठीक होत्या. नवी गाडी मात्र एकही घेतली नाही. लोक म्हणत होते, करा हो मास्टर, आम्हाला चालेल. "मला नाय चालणार," एवढंच.

एप्रिलच्या शेवटी वहीत एकच नाव उरलं, घाटकोपरचा एक टुरिस्ट गाडीवाला. तीनदा फोन केल्यावर तो आला, तेही एअरपोर्टचं भाडं सोडून, आणि उतरल्या उतरल्या सुरू झाला. "अंकल, काय यार, एवढं काय अर्जंट? माझं तर झकास वाजतंय. चार महिने चालवतोय, काही फरक जाणवला नाय मला."

मास्टर गुडघे टेकून त्याच्या डाव्या दाराच्या क्लिपा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणून तर बोलावलं."

त्याची वायर उलटी होती. सरळ केली, अस्तर बसवलं. तो गाडीत जाऊन बसला, गाणं लावलं, आणि भाड्याची एवढी घाई असलेला तो माणूस ते संपेपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. मास्टर तोवर आत गेले होते. हत्यारं पुसून डब्यात ठेवत होते, एकेक करून, मोठी खाली आणि लहान वर.